हात थिजले म्हणून वॉर्ड सोडायचा का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका 23 वर्षांची आहे. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून लागली आणि पहिलीच नेमणूक लेबर रूमला झाली. एका नाईटला दुसरेपणाच्या बाळंतिणीला वार पडल्यावर जोरात रक्त जायला लागलं. ही किडनी ट्रे हातात धरून उभीच राहिली. सिनिअर सिस्टरांनी तिला बाजूला सारलं, पुढचं सगळं स्वतः केलं आणि बाळंतिणीला 108 ने जिल्हा रुग्णालयात पाठवलं. बाई वाचली. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर (कामाचा ताबा) देताना त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘हिच्याच्यानं हे व्हायचं नाही, फार हळवी आहे.’’ तेव्हापासून नाईट लागली की हिच्या पोटात गोळा येतो. त्याच सिस्टर कळा देणाऱ्या बायकांवर ओरडतात, ‘तेव्हा लाज नाही वाटली का’ असं बोलतात. एकदा त्यांनी एकीच्या मांडीवर चापटही मारली. शिवाय प्रसूती झाल्यावर मागाहून पार्टोग्राफ (कळांच्या वेळी प्रसूतीची प्रगती नोंदवायचा आलेख) ‘भरून टाक’ असं हिला सांगितलं जातं. आई म्हणते, ओळखीच्या दातांच्या दवाखान्यात जागा आहे, रात्रपाळी नाही, तिकडे जा. प्रश्न असा: दुसरा वॉर्ड मागावा, दवाखान्यात जावं, की मन घट्ट करून इथेच राहावं?

---

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात त्या रात्रीचं वर्णन दीड पान आहे. मी ते दोनदा वाचलं, कारण मला त्यात एक गोष्ट सापडत नव्हती. रक्त जायला लागलं तर तू नेमकं काय करायचंस, हे ड्युटी सुरू होताना तुला कुणी सांगितलं होतं का? कुठे उभं राहायचं, काय आणायचं, कुणाला फोन करायचा? पत्रात तसं काही नाही, म्हणजे बहुतेक सांगितलेलं नव्हतं. तू लिहितेस ‘मी थिजले’. मला दिसते ती काम वाटून न दिलेली एक मुलगी, जी हातात होतं ते धरून उभी राहिली.

मी नर्सिंग शाळेत शिकवत होते. केसबुकं तपासण्यात बरीच वर्षं गेली, त्यामुळे तुझ्या केसबुकात काय असेल ते मला न बघता सांगता येईल. 20 नॉर्मल प्रसूतींच्या नोंदी, तारखा, सह्या. पण एका टेबलाभोवती पाच-सहा विद्यार्थिनी आणि हात एकीचेच, ही त्यातल्या बऱ्याच प्रसूतींची खरी गोष्ट असते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सुरू झाला, तर विद्यार्थिनीला खोलीबाहेरच काढतात. म्हणजे ज्या प्रसंगावरून तुझी लायकी ठरवली गेली, त्यात तू आयुष्यात पहिल्यांदाच उभी होतीस.

आणि प्रसंग साधा नव्हता. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर गर्भाशयाची पिशवी आवळली नाही, तर ते सगळं बाहेर यायला लागतं. अशा वेळी विचार करायला सवडच मिळत नाही. जो हलतो तो विचार करून हलत नाही, हाताला सवय असते म्हणून हलतो. तुझ्या सिनिअर सिस्टर तशाच हलल्या.

म्हणून ‘हळवी’ हा शब्द जरा बाजूला ठेवूया. तो तू त्यांच्याकडून घेतलास आणि पत्रात चार ठिकाणी वापरलास. लेबर रूमला घट्ट मनाची माणसं लागतात, हे तू धरून चालली आहेस. मला त्याबद्दल शंका आहे, आणि माझी एकटीची नाही. 2023 मध्ये ई-मोटिव्ह नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतिणी त्यात होत्या. काही रुग्णालयांत बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं, आणि ठरावीक रेषेच्या वर गेलं की गर्भाशयाचा मसाज, ते आवळणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. बाकीच्या ठिकाणी नेहमीच्या पद्धतीने चाललं. मोठा रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्याने होणारे मृत्यू, हे मिळून पहिल्या गटात 60 टक्क्यांनी कमी झाले. माझ्या डोक्यात राहिला तो वेगळाच आकडा. नेहमीच्या पद्धतीच्या ठिकाणी जवळजवळ निम्मे रक्तस्राव कुणाच्या लक्षातच आले नव्हते. मोजणाऱ्या ठिकाणी 93 टक्के लक्षात आले. तिथेही अनुभवी, घट्ट मनाच्या सिस्टर असतीलच की. नजर त्यांनाही फसवते. फरक पडला तो मोजण्याने आणि आधी ठरवून ठेवलेल्या क्रमाने, आणि या दोन्ही गोष्टी हळव्या मुलीला चांगल्या जमतात. उलट जिला धास्ती असते ती दोनदा बघते.

तुमच्याकडे तशी पिशवी नसेलही. मग त्याच किडनी ट्रेपासून सुरुवात कर. रिकाम्या दुपारी मापाच्या भांड्याने पाणी घालून बघ, तुमच्या वॉर्डातल्या ट्रेमध्ये किती मिलिलिटर मावतं. पॅड कोरडं असताना वजन कर, भिजल्यावर कर. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. एकदा हे केलंस की ‘खूप रक्त’ असं म्हणणार नाहीस, ‘चारशे गेलं’ म्हणशील, आणि डॉक्टर फोनवर लगेच उठून बसतील.

दुसरं, हात. वार पडल्यावर तुझा तळवा बाळंतिणीच्या बेंबीच्या आसपास असला पाहिजे, ट्रेवर नाही. आवळलेली गर्भाशयाची पिशवी क्रिकेटच्या चेंडूसारखी लागते. मऊ, पसरट लागली तर रक्त दिसायच्या आत तुला कळतं. प्रत्येक प्रसूतीनंतर, सगळं ठीक असलेल्या बाईचीही, पहिले दोन तास ठरावीक वेळाने पिशवी चाचपून बघ. तिला सांगून, तिच्या अंगावरची चादर नीट करून. पन्नास आवळलेल्या पिशव्या हाताखालून गेल्या की एक्कावन्नावी मऊ असली तर कुणी सांगावं लागत नाही.

तिसरं, ड्युटीवर आल्याआल्या ट्रे उघडून बघणं. लक्ष्य या लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या सरकारी कार्यक्रमात लेबर रूममध्ये सात ट्रे लावून ठेवायला सांगितलंय, ते तुमच्याकडेही असतीलच. त्यांच्यावर चिकटवलेली यादी वाचू नकोस, आत हात घाल. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत आहे का? की कुणीतरी सोयीसाठी खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवलंय आणि मराठवाड्याच्या उन्हात ते कामातून गेलंय? बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग तळहातावर दाबून बघ, हवा लागते का. मॅगसल्फच्या, म्हणजे झटक्यांवरच्या औषधाच्या, ॲम्प्यूल मोज. झटके आलेल्या बाईला पहिला डोस 10 ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच. एक ॲम्प्यूल एक ग्रॅमची. म्हणजे दहा फोडायच्या, बाई टेबलावर झटके देत असताना, आणि तुझा हात थरथरत असताना. ट्रेमध्ये सहाच आहेत हे तेव्हा कळून उपयोग नाही. मुदत संपलेल्या टाकाऊ ॲम्प्यूल इन्चार्ज सिस्टरांना विचारून घे आणि दहा फोडून, भरून बघ, घड्याळ लावून. बोट कापतं, काच कुठे धरायची ते कळतं.

आता या सगळ्याला शिकवणारं कुणीतरी हवं. मी जे नाव घेणार आहे ते तुला आवडणार नाही. त्याच सिनिअर सिस्टर.

त्या रात्री एक बाई त्यांच्या हातांमुळे वाचली, हे तूच लिहिलंयस. एखाद्या निवांत दुपारी, चहाच्या वेळी, त्यांना विचार, ‘‘सिस्टर, त्या रात्री तुम्ही आधी काय केलंत? मला बघताच आलं नाही, क्रमाने सांगाल?’’ माफी मागू नकोस, सफाईही देऊ नकोस. नुसतं विचार. चार माणसांत बोलणाऱ्या या बायका एकट्यात, हाताच्या कामाबद्दल विचारलं की पुष्कळदा खुलतात, कारण त्यांना ते कुणी विचारलेलंच नसतं. आणि पुढच्या नाईटला ड्युटी सुरू होतानाच विचारून घे, ‘‘आज रक्त गेलं तर मी काय बघू?’’ त्यांनी ‘सुई लाव आणि फोन कर’ एवढं सांगितलं तरी पुरे. मग तुला एकच काम आहे, आणि एक काम करताना माणूस थिजत नाही. त्यांच्याकडून हात घे, जीभ घेऊ नकोस.

जिभेबद्दल. ओरडणाऱ्या सिस्टरांना भीती वाटत नाही असं तुला वाटतं. मला उलट वाटतं. डोकं दिसतंय, पुढे सरकत नाही, बाळाचे ठोके खाली येतायत, डॉक्टर क्वार्टरमधून निघालेत, पलीकडच्या टेबलावर दुसरीच्या कळा वाढल्यात आणि बाहेर नातेवाईक दार ठोठावतायत. ही भीती वर्षानुवर्षं एकटीने गिळली की ती आवाजात उतरते. यामुळे ‘तेव्हा लाज नाही वाटली का’ हे क्षम्य ठरत नाही. चापट तर अजिबात नाही. लक्ष्यच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये बाळंतिणीला सन्मानाने वागवणं हा कामाचा भाग म्हणून लिहिलेला आहे, सिस्टरांच्या स्वभावावर सोडलेला नाही. मला एवढंच म्हणायचंय की तू उद्या तशी होशील ही जी भीती तुला आहे, तिच्यावरचा उपाय मऊ राहण्याची शपथ घेणं हा नाही. तयारीत असणं हा आहे. ज्या सिस्टरला पुढचं पाऊल माहीत असतं तिला ओरडावं कमी लागतं.

तोवर एक जागा तुझी करून घे: बाळंतिणीच्या डोक्याकडची. तिच्या कानाशी तुझा आवाज असू दे. ‘‘ताई, कळ आली की खाली जोर लावा, गेली की अंग सैल सोडा, तोंडाने श्वास घ्या.’’ तपासायच्या आधी ‘‘आतून तपासते, जरा दुखेल’’ एवढं सांगायला चार सेकंद लागतात. सोबतीला घरची एक बाई आत असू द्यायला केंद्र सरकारने 2016 मध्येच मुभा दिली आहे. तुमच्याकडे ती कागदावर राहिली असेल तर इन्चार्ज सिस्टरांकडे तेवढाच एक विषय काढ. आई, सासू किंवा बहीण शेजारी उभी असली की खोलीतले आवाज आपोआप खाली येतात, असं मी बघितलंय. सोबतीण बाळंतिणीला पाणी पाजते, पाठ चोळते, तुमचंच काम हलकं होतं. या मुद्द्यावर तुला सिस्टरांशी भांडावंही लागत नाही.

हात उगारलेला पुन्हा दिसला तर ऐन कळांत वाद घालू नकोस. मध्ये जा, बाईचा पाय तू धर, म्हण ‘‘मी धरते सिस्टर’’. नंतर एकांतात सांग की मला हे बघवत नाही. तरी चाललंच, तर इन्चार्ज, मग अधिसेविका, मग वैद्यकीय अधीक्षक, याच क्रमाने आणि तारीख-वेळ लिहून. कंत्राटी माणसाला हे जड जातं, मला ठाऊक आहे. म्हणून एकटीने जाऊ नकोस. तिथल्या मावशींना सगळं दिसत असतं, बरोबरच्या एखाद्या सिस्टरलाही खटकत असणारच.

पत्रात तू पार्टोग्राफला शेवटी दोन ओळी दिल्यास. मला तीच सगळ्यात गंभीर गोष्ट वाटली.

मागाहून भरलेला पार्टोग्राफ लांबून ओळखू येतो. रेषा कशी सरळ, ठोके प्रत्येक अर्ध्या तासाला 140, एकाच पेनाने, एकाच दमात. खऱ्या प्रसूतीचा आलेख असा कधीच नसतो. तो कागद फाइलसाठी नसून त्या रात्रीच्या निर्णयासाठी असतो. गर्भाशयाच्या पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की सुरू करायचा, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि दहा मिनिटांतल्या कळा, दर चार तासांनी आतून तपासणी आणि बीपी. रेषा आलेखावरच्या अलर्टच्या, म्हणजे इशाऱ्याच्या, रेषेच्या उजवीकडे सरकायला लागली की तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथे सिझरची सोय प्रत्येक रात्री असेलच असं नाही, गाडी आणि पुढच्या रुग्णालयाची तयारी सुरू करायची. तो वेळ फक्त त्या वेळी काढलेल्या रेषेतून मिळतो. सकाळी काढलेल्या रेषेचा त्या बाईला काय उपयोग?

आणि सही तुझी आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणी क्रमांकावर तू काम करतेस. चौकशी लागली तर ‘सिस्टर म्हणाल्या भर’ हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तरी यावर बंड पुकारायची गरज नाही. ‘‘सिस्टर, मधले ठोके मला माहीत नाहीत, मी आत्ताची वेळ टाकून प्रसूतीनंतरची नोंद म्हणून लिहिते,’’ असं म्हण आणि तसंच लिही. बाई पूर्ण तोंड उघडलेल्या अवस्थेतच आली असेल तर तेच लिही, तिथे आलेख काढायचाच नसतो. बाकी वेळी मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लाव. दोन बायका एकदम कळांत असतील तर सगळं वेळेवर होणार नाही, मग रकाना रिकामा राहू दे. रिकामा रकाना खरा असतो. आणि महिन्याभराचे रिकामे रकाने एकत्र केले की रात्री माणूस कमी पडतं हे अधीक्षकांना दाखवता येतं. भरलेले रकाने दाखवून तुम्ही आजवर उलटंच सिद्ध करत आलात.

आता तुझे तीन रस्ते.

दातांचा दवाखाना वाईट नाही. आईच्या मनात रात्रीची एसटी, अंधारातलं येणं-जाणं, आणि बहुधा लग्नाचा विषयही असेल. ती काळजी खरी आहे, तिच्याशी त्याच विषयावर बोल. पण घाबरून तिकडे गेलीस तर लेबर रूमचा सुटलेला हात परत बसायला कठीण जातो, आणि ‘माझ्याच्यानं झालं नाही’ हे वाक्य बरोबर येतं. दुसऱ्या वॉर्डाबद्दल म्हणशील, तर प्रसूतीपश्चात वॉर्ड ही भीतीपासून सुटका नव्हे. तिथे बाळंतीण शांत झोपलेली दिसते आणि चादरीखाली रक्त जात असतं. एसएनसीयूमध्ये, आजारी नवजात बाळांच्या कक्षात, आणखी वेगळी धास्ती. मागायचंच असेल तर वॉर्डबदल मागण्यापेक्षा प्रशिक्षण माग. कुशल प्रसूती सहायिकेचं 21 दिवसांचं एसबीए प्रशिक्षण, लेबर रूमच्या कामाचं ‘दक्षता’ प्रशिक्षण, नवजात शिशू पुनरुज्जीवनाचं एनएसएसके. कंत्राटी म्हणून तुझं नाव आपोआप मागे राहील, तेव्हा लेखी अर्ज दे, पोच घे. जिथे प्रसूती जास्त होतात अशा जिल्ह्याच्या लेबर रूममध्ये काही आठवडे पाठवतील का, तेही विचार. महिन्यातून एकदा वॉर्डातच खोटा रक्तस्राव ठरवून सराव करता येतो. डॉक्टर, सिस्टर, मावशी, सगळ्यांनी दहा मिनिटं. त्याला निधी लागत नाही.

थांबू नये असंही कधी कधी असतं. झोपच उडाली असेल, रुग्णालयाच्या गेटपाशी श्वास अडकत असेल, ते रक्त दिवसाही डोळ्यांसमोर येत असेल, तर तू काम शिकण्याच्या आधी स्वतःकडे बघ. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सिस्टरांनी तो फक्त पेशंटला द्यायचा असा नियम नाही. आणि त्या बाळंतिणीची चौकशी कर. तिच्या गावच्या आशाताई बाळाला बघायला घरी जातातच, त्यांना फोन कर. तुझ्या डोक्यात ती अजून टेबलावरच आहे. ती घरी बसून बाळाला पाजतेय हे कुणीतरी तुला सांगायला हवं होतं, कुणी सांगितलं नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्या नव्या सिस्टरांपैकी बऱ्याच जणी खासगी नर्सिंग होममध्ये असतील. रात्री खाली तू एकटी, डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले, आणि ‘कळा वाढल्या की उठव’ एवढीच सूचना. तुमच्याकडे ना सिनिअर, ना सात ट्रे. तुम्ही डॉक्टरांकडून एक कागद मागून घ्या: कोणत्या वेळी उठवायचं, त्याआधी कोणतं इंजेक्शन मी माझ्या हाताने द्यायचं, रक्त कुठून येतं, गाडी कुणाची. तो त्यांच्या सहीने भिंतीवर लागला पाहिजे. ‘त्याची काय गरज आहे’ असं उत्तर आलं तर ती नोकरी सोडण्याचं कारण मला पुरेसं वाटतं. तुझ्या ठिकाणापेक्षा कितीतरी आधी.

तुझं कंत्राट 11 महिन्यांचं असेल तर नूतनीकरणाची तारीख बघ. तोपर्यंत निर्णय नको. त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात तीन गोष्टी वहीत लिही: पिशवी मऊ आहे हे मला हाताला कळतं का, दहा ॲम्प्यूल मला झटपट भरता येतात का, आणि त्या सिस्टरांनी मला एकदा तरी नीट शिकवलं का. तिन्हींची उत्तरं नकारार्थी असतील तर तुझ्या आईचं ऐक, आणि दवाखान्यात जा. फक्त नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नकोस.